आजीची खानावळ पुस्तिकेत घालायची की नाही?

ताई, नमस्कार.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, गेल्या श्रावणात गेली. वय अठ्ठ्याऐंशी की नव्वद, नक्की कुणालाच ठाऊक नाही. वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं घरात ठरलं आणि "तू लिहितेस ना काहीबाही" म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सगळ्यांना फोन केले. सगळे एकच सांगतात : फार प्रेमळ, कुटुंबवत्सल, सगळ्यांना धरून राहणारी, साक्षात अन्नपूर्णा. दोन परिच्छेद लिहून झाले आणि पुढे काही सुचेना.

आजी पाटण तालुक्यातली. आजोबा लालबागला गिरणीत होते. कोयनेच्या भूकंपात गावचं घर पडल्यावर ती तीन पोरांना घेऊन मुंबईला आली आणि चाळीतल्या एका खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवू लागली. गिरण्यांच्या संपात सगळं विस्कटेपर्यंत ती चालू होती. त्यावर बाबा आणि काका शिकले. आत्याने मात्र सातवीत शाळा सोडली, आजीच्या हाताखाली राबायला. आता काका म्हणतात, खानावळीचा विषय नको. "लोकांची उष्टी काढली हे छापून काय मिळवायचंय?" त्यांच्या मुलीच्या सासरचे लोक पुस्तिका वाचतील, हेही त्यांच्या मनात आहे. आत्या म्हणते, खानावळ नसेल तर माझं नावही घालू नका. आई कशावरच बोलत नाही.

आजीच्या ट्रंकेत हिशेबाची एक वही सापडली. आजीला लिहितावाचता येत नव्हतं. आधीचं अक्षर आत्याचं, पुढचं काकांचं, असं बाबा म्हणतात. १९८२ सालच्या पानांवर मेंबरांची, म्हणजे महिन्याने जेवणाऱ्या कामगारांची, नावं आहेत, जेवल्याच्या खुणा आहेत, पण पैशांचा रकाना कोरा आहे.

मी काय लिहू? काकांना दुखवू का? आणि 'ती घरासाठी जगली' असं लिहिलं तर तिला स्वतःचं आयुष्यच नव्हतं, असं होतं का?

— एक नात, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

खानावळ पुस्तिकेत आलीच पाहिजे. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आजीने घर धरून ठेवलं असं सगळे म्हणतात ना, ते तिने खानावळ चालवून धरून ठेवलं. ती वगळलीस तर 'प्रेमळ' आणि 'अन्नपूर्णा' एवढंच हातात उरतं, आणि ते कुणाच्याही आजीच्या फोटोखाली चालून जातं. तुझे दोन परिच्छेद तिथेच अडकले आहेत.

आलीच पाहिजे म्हणून काकांशी भांडायला जायचं असं मात्र नाही. त्यांच्याकडे येतेच. आधी तुझ्या हाताला काय लागलंय ते बघू, कारण त्या वहीचं मोल तुझ्या पुरतं लक्षात आलेलं दिसत नाही. पत्रात तू ती शेवटी, जाता जाता सांगितलीस.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटलं तरी संप मिटला नाही, आणि तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकी, शिवडी, सगळीकडे पगार थांबले. बरेच कामगार गावी गेले, उरलेल्यांनी मिळेल ते काम धरलं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्या महिन्यांत मागे राहिलेला एकटा माणूस रात्री जेवला कुठे, हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुझ्या आजीने ठेवलंय. स्वतःला अक्षर येत नसताना मुलाला समोर बसवून ठेवलंय.

त्या पानांवरून घाईघाईने 'आजीने संपात सगळ्यांना फुकट जेवू घातलं' असं लिहू नकोस. कोरा रकाना म्हणजे उधारी. पुढे कुणी ती फेडली असेल, कुणी गावाहून तांदूळ पाठवले असतील, एखाद्याने बुडवलीही असेल. पण खुणा ती रोज करवून घेत होती, म्हणजे तिने हिशेब सोडलेला नव्हता. पैसे नाहीत म्हणून ताट बंद केलं नाही आणि ताट वाढलं म्हणून नोंद चुकवली नाही. ही माझ्या मते तुझ्या पुस्तिकेतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तिचा चांगुलपणा आणि तिचा व्यवहार एकाच पानावर दिसतात. ते पान जसंच्या तसं छाप. मेंबरांची आडनावं तेवढी झाक, कारण कुणाच्या घरच्यांना आपल्या माणसाची उधारी छापलेली आवडणार नाही.

आता त्या रकान्यामागचा पैसा कुठून आला, हे शोध. खानावळीचं गणित साधं आणि कठीण होतं. मेंबर महिनाभर जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. तोवर पीठ, तांदूळ, डाळ, रॉकेल सगळं बाईने उभं करायचं. वाण्याची उधारी, ती थकली की सावकार, आणि सावकाराकडे गळ्यातलं गहाण. गिरणगावातल्या शेकडो बायका याच चक्रात होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या या बाईंना पुढे पद्मश्री मिळाली, ती खानावळवाल्या बायकांसाठी केलेल्या याच कामामुळे. तुझी आजी मंडळात होती की नव्हती मला माहीत नाही. आत्याला विचार. ट्रंकेत पासबुक किंवा सभासदत्वाचा कागद आहे का, तेही बघ. आजीचा एखादा दागिना 'होता आणि मग नव्हता' असं कुणाला आठवतं का, हाही प्रश्न विचार. संपाच्या वर्षी वाण्याला पैसे कुणीतरी दिलेच असणार.

लोकांना फोन करून "आजी कशी होती?" असं विचारणं मात्र आता बंद कर. त्या प्रश्नाला माणसं श्रद्धांजलीच वाहतात. दिवस विचार. पहिली पाळी सातची असायची, मग पहाटेचे डबे किती वाजता भरले जायचे? नळाला पाणी कधी यायचं, ते भरायचं कुणी? शेगडी होती की स्टोव्ह? एका खोलीत पंगत बसायची तेव्हा पोरं कुठे जायची, गॅलरीत की पोटमाळ्यावर? रातपाळीचा माणूस सकाळी येऊन जेवायचा तेव्हा घरातलं कोण झोपलेलं असायचं? भाकरी की चपाती? पाटणकडची बाई, म्हणजे हात नाचणीच्या भाकरीला सरावलेला, मग मुंबईत मेंबरांना काय लागायचं? रविवारी मटण असायचं का, आणि मेंबरांना वाढून झाल्यावर घरच्यांच्या वाट्याला काय उरायचं? १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आला होता. त्या पिढीतल्या कुणालाही मिलोचं नाव काढून बघ, दहा मिनिटं बोलतील, आणि बोलता बोलता तुझी आजी समोर भाकरी थापत बसलेली दिसेल.

असे प्रश्न विचारलेस की माणसाला उत्तर आठवावं लागतं, आणि आठवताना तो खरं बोलतो.

कागदांचं थोडक्यात सांगते. जुनं रेशन कार्ड, खोलीची भाडेपावती, आत्याचा आणि बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावी पाठवलेल्या मनिऑर्डरीच्या पावत्या. आजोबांची गिरणीची फाईल घरात बहुधा असेलच, कारण गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरताना प्रत्येक घराने जुने कागद हुडकले होते. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागत होता, आणि म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. त्या फाईलमध्ये तिकीट नंबर म्हणजे कामगाराचा क्रमांक, खातं म्हणजे गिरणीतला विभाग, ई.एस.आय. म्हणजे कामगार विम्याचं कार्ड मिळेल. त्यावरून आजोबा कोणत्या पाळीला कधी होते याचा अंदाज बांधता येतो, आणि आजीचा दिवस त्या पाळीवरच चालत होता.

आणि भांडी काढ. आईला विचारून माळ्यावरची सगळी स्टीलची भांडी खाली उतरव आणि काठावरची नावं वाच. कुणाच्या बारशाला, कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या तारखेला, सगळं त्यावर घातलेलं असतं. खानावळ चालवणाऱ्या घरात मोठी पातेली, परात, मेंबरांची ताटं असणार. एखाद्या पातेल्यावर आजीचं स्वतःचं नाव असलं, म्हणजे तिने ते स्वतःच्या पैशाने घेऊन नाव घालायला दिलं असलं, तर त्याचा फोटो पुस्तिकेत पाहिजे. वाचता येत नसलेल्या बाईने आपलं नाव कोरून घ्यावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता काका.

काकांच्या शब्दांवर चिडू नकोस. 'लोकांची उष्टी काढली' असं ते म्हणतात तेव्हा ती उष्टी काढली कुणी, याचा विचार केलास का? आजीने काढली असतील, आत्याने काढली असतील, आणि फार शक्य आहे की शाळेतून आल्यावर काकांनीही काढली असतील. एका खोलीत पंगती उठायच्या तिथे मुलगा म्हणून कुणी सुटलं नसेल. आणि बाबा म्हणतात ते खरं असेल तर संपाच्या वर्षीच्या खुणा काकांच्याच हातच्या आहेत. तेव्हा ते विशीत असतील. दिवसा कॉलेजात बसायचं, रात्री घरी येऊन कोण जेवलं, कोण नाही, कुणाकडून पैसे मागायचे नाहीत, हे लिहायचं. त्या वयात वर्गातल्या मुलांना "आईची खानावळ आहे" हे सांगताना त्यांना काय वाटलं असेल, ते तू आणि मी घरबसल्या ठरवू नये.

म्हणून त्यांच्याकडे एकटी जा. बाबांना नेलंस तर दोघा भावांचं जुनं काहीतरी उकरून निघेल. वही घेऊन जा. पुस्तिकेत काय येणार, काय नाही, हा विषय काढूच नकोस. १९८२ चं पान उघड आणि विचार, "काका, हे नाव लागत नाही, कोण होते हे?" त्यांना नावं आठवतील. कुणी कुठल्या खात्यात होता, कोण सांचेवाला म्हणजे यंत्रावरचा, कोण बदली कामगार, कोण रात्री उशिरा यायचा आणि त्याचं ताट झाकून ठेवावं लागायचं. ते बोलत असताना तू फक्त ऐक. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून कर, आणि नको म्हणाले तर घरी येऊन त्याच रात्री लिहून काढ.

दुसऱ्या भेटीत विषय काढ. तेव्हा स्पष्ट बोल. स्वतःबद्दल काय छापायचं ते काकांनी ठरवावं. त्यांनी ताटं उचलली, डबे पोचवले, हिशेब लिहिला, यातलं एक अक्षरही त्यांच्या परवानगीशिवाय घालू नकोस. पण आजीबद्दल एकट्या काकांना ठरवता येणार नाही. ती आत्याचीही आई होती आणि तिने जे काम सगळ्यांच्या देखत, दार उघडं टाकून केलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. व्याह्यांची काळजी त्यांना वाटते ती खरी आहे, हसून उडवू नकोस. पण त्यांना एवढं जरूर सांग की या बायकांवर आज अभ्यास होतो, गिरणगावाचा इतिहास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही, आणि व्याह्यांच्या घरातली शिकली सवरलेली मंडळी हे पान दोनदा वाचतील. इतकं करूनही ते नाहीच म्हणाले, तर त्यांचं नाव संपादनात घालू नकोस, त्यांचा लेख छापू नकोस, वर्षश्राद्धाला त्यांच्याशी नेहमीसारखीच वाग. खानावळ मात्र ठेव.

आत्याबद्दल लिहिताना मला जास्त जपून लिहावंसं वाटतं. 'त्यावर बाबा आणि काका शिकले. आत्याने मात्र सातवीत शाळा सोडली.' तुझ्या पत्रातली ही दोन वाक्यं एकमेकांना लागून आली आहेत, आणि आत्या आयुष्यभर त्या दोहोंच्या मध्ये उभी आहे. "खानावळ नसेल तर माझं नावही नको" असं ती म्हणते, ते हट्टाने नाही. खानावळ काढून टाकली की तिची शाळा कशापायी गेली तेच पुसलं जातं. तिची त्या घरातली सगळी कमाई त्या खोलीत आहे.

वहीतलं आधीचं अक्षर तिचं. दहा-बारा वर्षांची मुलगी, पहाटे पीठ मळायचं, ताटं घासायची आणि रात्री हिशेब लिहायचा. ती आजीची मदतनीस नव्हती, भागीदार होती. त्या अक्षराचं एक पान छाप आणि खाली तिचं पूर्ण नाव लिही. तिच्या शाळेबद्दल लिहायचं का, हे तिला विचार. "आत्याने भावांसाठी त्याग केला" असली ओळ तिच्या तोंडी घालू नकोस. तो त्याग होता की तिला कुणी विचारलंच नाही, हे तिचं तीच जाणे. ती सांगेल तेच शब्द घाल, कमीजास्त न करता. आजी पुढे कधी त्याबद्दल बोलली का, तिला खंत होती का, नातींच्या शिक्षणाच्या वेळी ती काय म्हणाली, हेही विचार. कदाचित काहीच बोलली नसेल. तसं असेल तर तसं लिही.

यावर घरात कुणीतरी म्हणेल की गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. मला ते पटत नाही. आजीने अनेकांची पोटं भरली आणि पोटच्या मुलीची शाळा सोडवली, दोन्ही तिनेच केलं, त्याच खोलीत, त्याच नाइलाजातून. दोन्ही लिहिलंस तर वाचणाऱ्याला ती बाई खरी वाटेल आणि तिच्यावरचं प्रेम तसूभरही कमी होणार नाही.

आईचं वेगळं आहे. तिने आजीसोबत एका स्वयंपाकघरात संसार काढला. मुलांना आई आठवते, सुनेला सासू आठवते. तिच्याशी बोलायला मुद्दाम बसू नकोस. दोघी मिळून भाजी निवडत असाल, पापड वाळत घालत असाल, तेव्हा एखादा प्रश्न सोड आणि गप्प राहा. ती जे सांगेल ते बहुधा छापण्यासाठी नसेल. नसू दे. तुला ते माहीत असलं की बाकीचं लिहिताना तुझा हात आपोआप खरा चालेल.

आता तुझा शेवटचा प्रश्न, घरासाठी जगली म्हणजे स्वतःचं आयुष्य नव्हतं का. तू असा प्रश्न विचारलास याचा मला आनंद झाला, कारण हल्ली आपण दोन टोकांना जातो. एक तर आजीला देवी करतो, नाहीतर तिच्यावर अन्याय झाला म्हणून तिची कीव करतो. दोन्हींत ती स्वतः काही करताना दिसत नाही.

भूकंपापासून सुरुवात कर. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या सुमारास कोयनानगर हादरलं, पाटण तालुक्यात घरंच्या घरं बसली. पुरुष मुंबईला गिरणीत, बायका-पोरं गावी, हीच त्या वेळी गिरणी कामगारांच्या बहुतेक घरांची रीत होती. घर पडलं तरी अनेक जणी गावातच राहिल्या, पुन्हा भिंती उभ्या केल्या. तुझी आजी तीन पोरांना घेऊन लालबागला आली. हे कुणी ठरवलं? आजोबांनी बोलावलं की ती न बोलावता आली? सासरच्यांनी अडवलं का? आणि खानावळीची कल्पना कुणाची? मला तर वाटतं त्या दोन निर्णयांत तिचं अर्धं आयुष्य आहे. कुटुंब हेच तिचं कार्यक्षेत्र होतं, आणि त्यात तिने धोका पत्करला, धंदा उभा केला, तो निम्म्या मुंबईला संपाने जेरीला आणलं त्या वर्षीही चालवला. कुटुंबवत्सल बाईचं स्वतःचं आयुष्य असंही असतं.

त्याखेरीज तिची म्हणून जी गोष्ट होती तीही शोध. दोन पाळ्यांच्या मध्ये थोडा वेळ मोकळा मिळत असेल, तेव्हा ती काय करायची? मिसरी लावून गॅलरीत बसायची? बोलायची कुणाशी? मिसरीचं घरचे मुद्दाम सांगणार नाहीत, तू विचार. भजनाला जायची का, गणपतीत लालबागची गर्दी बघायला पोरांना घेऊन निघायची का, कुणा नटाचं तिला वेड होतं का, पैसे कुठल्या डब्यात लपवायची, कुणावर तिचा राग होता? गाणं होतं का? गावी असताना जात्यावर बसली असेल तर ओव्या नक्की येत असणार, आणि आत्याला त्यातल्या दोन-चार तरी आठवत असतील.

ओव्यांवरून एक उपयोगाची गोष्ट सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही आता इंटरनेटवर ऐकता येतात. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं, शिक्षण आणि व्यवसाय अशी माहिती दिलेली असते. कुणाचंही 'थोर', 'वंदनीय' काही नाही, पण ती नोंद वाचताना बाई समोर उभी राहते. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आजीची अशी नोंद कर. व्यवसाय : खानावळ, लालबाग, अमुक साल ते तमुक साल. शिक्षण : नाही. मुलं : तीन. आणि नावापुढे माहेरचं नाव, माहेरचं गाव. लग्नात बदललेलं नाव तेवढं तुम्हाला ठाऊक आहे, हे मी धरून चालते, कारण बहुतेक घरांत असंच असतं. मामाकडची, म्हणजे तिच्या भावाची मुलं-नातवंडं असतील, त्यांना फोन कर. लहानपणी तिला काय हाक मारायचे ते त्यांच्याकडेच मिळेल.

जन्मसालाचं म्हणशील तर आधार कार्डावर १ जून किंवा १ जानेवारी असेल तर ती तारीख कुणीतरी सोयीने घातली आहे असं समज. आत्या पहिली की मधली, तिच्या दाखल्यावरचं साल काय, तिच्या आधी एखादं मूल गेलं होतं का, लग्नात आजीचं वय काय सांगायचे, यावरून अंदाज निघेल. माहेरच्या गावचं जुनं कोतवाल बुक तहसील कचेरीत पाहायला मिळालं तर उत्तमच, त्यात जन्माची नोंद सापडू शकते. नाहीच सापडलं तर 'सुमारे १९३६' लिही. ते पुरे.

एक काम मात्र सगळ्यांच्या आधी कर. वहीतले मेंबर. संपाच्या वेळी तिशीत असलेला माणूस आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. बरेच जण पाटण, कराड, साताऱ्याकडे गावी असतील. पत्ते वहीत नसतील, पण तुमच्या गावमंडळात कुणी ना कुणी जुना माणूस ओळखणारा असतो, आणि चाळीतले शेजारी अजून एकमेकांच्या लग्नकार्याला जातात, त्यांच्याकडून नंबर काढ. हे लोक तुझ्या आजीचे कुणी लागत नाहीत, म्हणून ते तिची स्तुती करायला बांधील नाहीत. आमटी खारट व्हायची तर तेही सांगतील. आणि उधारीचं काय झालं, हे त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

वर्षश्राद्धाला पुस्तिका तयार नसली तरी चालेल. त्या दिवशी आजीच्या हातचा म्हणून जो पदार्थ घरात करतात तो करा, नेमाप्रमाणे विधी करा, आणि पुस्तिका दिवाळीला किंवा पुढच्या वर्षी काढा. सोळा-चोवीस पानं पुष्कळ झाली. छापायला देण्याआधी कच्चा मजकूर आत्याला आणि काकांना एकाच दिवशी दे, म्हणजे आधी कुणाला दाखवला यावरून नवीन रुसवा नको. पाटणला मात्र याच महिन्यात जाऊन ये. जाताना वहीच्या झेरॉक्स ने, मूळ वही घरीच ठेव. आणि जमलं तर आत्याला सोबत घे, मेंबर तिला ओळखतील.